‘नाही’ असेल तर ‘नाही’ कळवा

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू,
तसेच पात्रता, प्रवेश व समकक्षता विभागांतील सर्व अधिकारी-कर्मचारी



अंबाजोगाई तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २८ वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. हा विषय पोरं आवडीनं घेत नाहीत. ‘गणितासारखे मार्क पडतात’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून घेतात. तरी चार-पाच वर्षांतून एखादं लेकरू तास संपल्यावर फळ्यापाशी घुटमळतं. ज्या मुलीसाठी हे पत्र लिहितो आहे, ती अशीच घुटमळली होती. फळ्यावर नेहमीचंच उदाहरण होतं : सर्व माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. ती म्हणाली, “सर, पहिलं वाक्य आपण कधी तपासलं? सगळी माणसं तपासायची म्हटलं की त्यात सॉक्रेटिस आलाच. मग नवीन काय सिद्ध केलं?” मी खडू खाली ठेवला. याच वळणाचा आक्षेप चार्वाकांनी अनुमानावर घेतला होता आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलनं घेतला होता. धारूर तालुक्यातल्या डोंगरातल्या वस्तीवरून एसटीनं येणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरीनं तो दोघांपैकी कुणाचंही नाव न ऐकता घेतला.

तिला तत्त्वज्ञान शिकायचं आहे. तेवढ्यापायी ती गेले तीन महिने कुठल्याच कॉलेजात नाही.

झालं असं. बारावीनंतर तिनं इथल्याच एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञानाची एक विषयपत्रिका होती, ती तिनं घेतली. पुढं मुख्य विषय म्हणून तत्त्वज्ञान घ्यायचं, तर ती सोय तिथं नव्हती. दुसऱ्या एका विद्यापीठात आहे असं कळलं. पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास होऊन तिनं जूनमध्ये तिकडं दुसऱ्या वर्षासाठी अर्ज केला. आषाढी गेली, पोळा झाला, गणपती आले नि गेले. हे पत्र मी सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी लिहितो आहे. संकेतस्थळावर तिच्या अर्जासमोर अजून एकच शब्द आहे : ‘प्रलंबित’.

कोणतं विद्यापीठ, ते लिहीत नाही. पत्राचा कच्चा खर्डा चार स्नेह्यांना दाखवला तेव्हा चौघांनी चार वेगळ्या विद्यापीठांची नावं घेतली आणि चौघांनाही आपला अंदाज बरोबर असल्याची खात्री होती. म्हणून हे पत्र आपणां सर्वांना.

आता कागदांचं सांगतो. नव्या विद्यापीठानं अर्जासोबत मूळ टीसी मागितली आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागितलं. जुन्या कॉलेजातले बाबू म्हणाले, “तिकडं प्रवेश पक्का झाल्याचं पत्र आणा, मग टीसी देतो.” तिकडचे म्हणाले, “टीसी आल्याशिवाय प्रवेशाचा विचारच होत नाही.” आमच्या न्यायशास्त्रात या दोषाला अन्योन्याश्रय म्हणतात : पहिलं दुसऱ्यावर टेकलेलं आणि दुसरं पहिल्यावर. मी स्वतः जाऊन हातापाया पडलो तेव्हा टीसी मिळाली आणि त्याच क्षणी इथल्या हजेरीपटावरून तिचं नाव कमी झालं. इतकं झाल्यावर तिकडचं प्रवेश कार्यालय म्हणालं, पात्रता विभागाचा होकार हवा. पात्रता विभाग म्हणाला, समकक्षता ठरायला हवी. समकक्षता ठरवणारे म्हणाले, प्रवेश कार्यालयाकडून प्रकरण रीतसर येऊ द्या. दोघांत फिरतं तो अन्योन्याश्रय, तिघांत फिरू लागलं की चक्रक. आणि ज्याला शेवटच नाही ती अनवस्था. हे तिन्ही दोष समजावून द्यायला मला वर्गात पूर्वी तीन तास लागायचे. आता एक फाईल दाखवली तरी पुरेल.

समकक्षतेचा घोळ तर विषयाला शोभेलसा आहे. इथल्या पत्रिकेचं नाव एक आहे, तिथल्या पत्रिकेचं दुसरं. आत पाहावं तर तीच प्रमाणं, तीच षड्दर्शनं, तेच चार्वाक-बौद्ध-जैन. शीर्षक जुळत नाही म्हणून प्रकरण समितीकडे गेलं आणि समितीची बैठक कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. नाव वेगळं म्हणजे वस्तू वेगळी, हा सिद्धान्त कुठल्या दर्शनाचा, हे मला तत्त्वज्ञानाच्या कुणा अध्यापकानं समजावून द्यावं. बरं, मराठीत या विषयाची परिभाषा ठरलेली नाही अशी सबबही चालायची नाही. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ तीन खंडांत १९७४ सालीच छापून झाला आहे.

शिवाय ती श्रेयांकांची बँक. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. विद्यार्थ्यानं एका ठिकाणी मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा राहतील आणि तो दुसरीकडे गेला तर तिथं उपयोगी पडतील, असं त्यात होतं. आमच्या मुलीचं खातं आहे, बारा आकडी क्रमांक आहे, पहिल्या वर्षाचे श्रेयांक जमा आहेत. पण दुसऱ्या शाखेत चेक काही वटत नाही. खात्यात पैसे दिसतात आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, साहेब रजेवर आहेत. अशा बँकेत आमच्याकडची म्हातारी माणसंसुद्धा पैसा ठेवत नाहीत.

माझी पहिली तक्रार उशिराची नाहीच. उशीर कळतो. जागा रिकाम्या किती, ते पाहावं लागतं. आपल्याकडेही माणसं कमी आहेत, एकेका टेबलावर तीन टेबलांचं काम आहे. माझी तक्रार अशी की या उशिराला तारीख नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला महा ई-सेवा केंद्रात गेलं, तर तो किती दिवसांत मिळणार हे ठरलेलं असतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं तशी मुदत बांधून दिली आहे आणि मुदत उलटली तर अपील कुणाकडे करायचं तेही सांगितलं आहे. तलाठी-तहसीलदारांच्या नावानं आपण बोटं मोडतो, पण त्यांच्या कागदाला तारीख असते. विद्यापीठाच्या ‘प्रलंबित’ला नाही.

आणि तारीख नसली की काय काय अडतं, ते आपल्या कार्यालयातून दिसत नसावं, म्हणून लिहितो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, तर कॉलेजचं नाव निवडावं लागतं. हिच्यापाशी निवडायला नाव नाही. एसटीचा पास काढायचा तर बोनाफाईड लागतं. ती कुणाचीच विद्यार्थिनी नाही. वसतिगृहाची यादी लागून गेली. तिसऱ्या सत्राचे तास सुरू होऊन महिना-दोन महिने झाले. उद्या आपण ‘होय’ म्हणालात तरी ७५ टक्के हजेरी ती कुठून आणणार? तुमच्या दाराबाहेर उभं राहिल्याचे दिवस तुमच्याच हजेरीपटावर गैरहजेरी म्हणून लागतील.

फोनबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण लिहिण्यासारखं त्यात काही नाही : वाजतो. दोनदा आम्ही रात्रभराचा एसटी प्रवास करून गेलो. दुसऱ्या खेपेस खिडकीतले गृहस्थ चांगले होते, त्यांनी चहा विचारला. फाईल चाळता चाळता म्हणाले, “तत्त्वज्ञानच करायचंय ना? त्यासाठी एवढी धावपळ? इतिहास घ्या, भूगोल घ्या, तिथल्या तिथं होऊन जाईल.” त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण परतीच्या गाडीत मुलगी केज येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

हाच प्रश्न गावातही होता, फक्त भाषा वेगळी. “सर, पोरगी कामून एवढ्या लांब जायली? कीर्तन करणार का?” आमच्या जिल्ह्यात तत्त्वज्ञान म्हटलं की माणसाला गड आठवतो, फड आठवतो, नारळी सप्ताह आठवतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही. इथल्या माणसानं अद्वैताचा पहिला शब्द कीर्तनातच ऐकलेला असतो. दुसरा वर्ग स्पर्धा परीक्षेवाल्यांचा. ते खूश होतात. “मस्त ऑप्शनल आहे सर, सिलॅबस छोटा, दोन पेपर, पाचशे मार्क!” २०१३ पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आला, तेव्हापासून तर कांट आणि ॲरिस्टॉटल हे क्लासच्या झेरॉक्सवरचे मोठे लोक झाले आहेत. मुलगी दोघांनाही हसून ‘हो’ म्हणते. मला एकदा म्हणाली, “सर, मला कलेक्टर व्हायचं नाही न् महाराज बी व्हायचं नाही. ते सॉक्रेटिसचं वाक्य खरं कशावरून, एवढं कळलं तरी बास.”

एवढं कळायला माणसं आयुष्य घालवतात, हे मी तिला सांगितलेलं नाही.

अंबाजोगाईतून कुणी तत्त्वज्ञान शिकायला बाहेर पडतं यात खरं म्हणजे नवल काही नाही. नवल याचं वाटावं की बाहेर पडावं लागतं. गावाबाहेर डोंगरकड्यात मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी मराठीतून वेदान्त सांगणारा ग्रंथ. (आंभोऱ्याची मंडळी म्हणतील, तो आमच्याकडे लिहिला गेला. म्हणोत. वाद हाही न्यायशास्त्रातल्या सोळा पदार्थांपैकी एक आहे.) पुढं याच गावात दासोपंत होऊन गेले, १५५१ ते १६१५. त्यांनी पंचीकरणासारखा विषय कागद अपुरा पडल्यासारखा कित्येक हात लांब पासोडीवर लिहून काढला. पांघरायच्या कापडावर सृष्टीची उत्पत्ती! या गावातल्या मुलीला आज तत्त्वज्ञान मुख्य विषय घ्यायचा तर टीसी काढावी लागते.

का काढावी लागते, हेही आपल्याला माहीत आहे. विद्यार्थी कमी म्हणून वर्कलोड भरत नाही. वर्कलोड नाही म्हणून जागा भरत नाहीत. जागा रिकामी म्हणून विषय नावालाच उरतो, आणि नावालाच उरलेला विषय विद्यार्थी घेत नाहीत. पुन्हा चक्रक. मधली काही वर्षं कुणीतरी तासिका तत्त्वावर येऊन शिकवतो, दिवाळीपर्यंत मानधनाची वाट पाहतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. माझा एक जुना विद्यार्थी असाच तत्त्वज्ञान शिकवत हिंडतो. तो म्हणतो, “सर, विषयात आता तेवढंच तत्त्व उरलंय, तासिका तत्त्व.”

१९१६ साली अमळनेरला प्रताप शेठ नावाच्या गिरणीमालकानं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेशातलं गाव, कापसाचा धंदा. तिथं अभ्यासकांना राहायला जागा आणि विद्यावेतन देऊन त्यांनी विचार करायला बसवलं. साने गुरुजी शाळेत शिक्षक होण्याआधी तिथं अभ्यासाला होते. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत बंगालमधून येऊन तिथं राहिला. एका शेठजीला जे तालुक्याच्या गावी सुचलं, ते आज इतक्या विद्यापीठांना मिळून मराठवाड्यात चार ठिकाणी धड करता येऊ नये?

आणि विद्यार्थ्यानं विद्यापीठ बदलणं हे काही आक्रीत नव्हे. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आमच्या जिल्ह्याला आहे, त्या बाबासाहेबांचं शिक्षण पाहा. १९१३ मध्ये कोलंबिया, १९१६ मध्ये लंडन. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठानं काय केलं? चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. ते १९२० मध्ये परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. साम्राज्याच्या राजधानीतलं विद्यापीठ, विद्यार्थी एका गुलाम देशातला, पत्रं बोटीनं जायची. तरी त्याला आपण कुठं उभे आहोत आणि किती काळ, हे ठाऊक होतं. १९५० साली औरंगाबादला त्यांनी कॉलेज उभं केलं ते या भागातल्या पोरांना शिक्षणासाठी दारोदार फिरावं लागू नये म्हणूनच.

‘स्थलांतर प्रमाणपत्र’ या शब्दानं तर मला हल्ली झोप येत नाही. या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्याकडे कुणी स्थलांतर प्रमाणपत्र मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. कोयता घेऊन जिल्ह्याबाहेर जायला कागद लागत नाही. पुस्तक घेऊन जायला लागतो. त्यांना नेणाऱ्या मुकादमाची मला कणव नाही. उचलीच्या हिशोबात त्यानं किती घरं नागवली, ते या भागात कुणाला सांगायला नको. पण व्यवहार तो एका बैठकीत सांगतो : उचल किती, कारखाना कोणता, गाडी कोणत्या तारखेला. बाप मान हलवतो किंवा हलवत नाही. ज्याला आपण शोषक म्हणतो तो तारीख सांगतो आणि ज्याला ज्ञानपीठ म्हणतो ते सांगत नाही, हे मला आईबापांना कसं समजावून द्यावं ते कळत नाही.

आता मागणं. फार नाही.

निर्णय होण्याआधी मूळ टीसी घेऊ नका. झेरॉक्सवर निर्णय करा, ‘होय’ ठरलं की मूळ कागद मागा. तोवर लेकराचं नाव जुन्या पटावर राहू द्या. मूळ कागदपत्रं संस्थांनी अडकवून ठेवू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०१८ मध्ये बजावलेलं आहे. समकक्षता शीर्षकावरून ठरवू नका, आतला अभ्यासक्रम पाहा. आणि त्यासाठी समितीची बैठक उन्हाळ्यातच लावा, पोळ्यानंतर नको. उशीर तुमच्याकडून झाला असेल तर तेवढे दिवस हजेरीतून वगळा. खिडकीवर एका माणसाचं नाव लिहा, ज्याला फोन केला तर तो उचलेल. इतिहास-भूगोल घ्या असा सल्ला प्रेमानंसुद्धा देऊ नका.

आणि सगळ्यात आधी, एक तारीख जाहीर करा. त्या तारखेला प्रत्येक अर्जदाराला उत्तर गेलंच पाहिजे, ‘नाही’ असलं तरी. कारणासह ‘नाही’ असेल तर उत्तमच, तिला पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते कळेल. वैशेषिकांनी अभावाचेसुद्धा प्रकार केले आहेत. मडकं अजून घडलेलं नाही, पण घडणार आहे, तो प्रागभाव. जे कधीच असणार नाही, तो अत्यंताभाव. तिच्या निर्णयाचा जो अभाव आपल्याकडे आहे तो यांतला कोणता, एवढंच विचारतो आहे. न्यायशास्त्रकार गौतमांच्या सोळा पदार्थांच्या यादीत संशय तिसरा येतो आणि निर्णय नववा. मधे प्रयोजन आहे, दृष्टान्त आहे, सिद्धान्त, अवयव, तर्क आहेत. आपल्या यादीत मधे फक्त ‘प्रलंबित’ आहे.

मुलीनं या तीन महिन्यांत काय केलं, असं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. माझ्या कपाटातली मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे यांची पुस्तकं तिनं एकामागून एक नेली. देशपांड्यांच्या ‘अर्वाचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञाना’तलं ह्यूमचं प्रकरण वाचून आली आणि म्हणाली, “सर, उद्या सूर्य उगवेल हे सिद्ध होत नाही म्हणे.” मी म्हटलं, नाही होत. ती म्हणाली, “मग विद्यापीठाचं पत्र येईल हे तर लांबच राहिलं.” ती हसली, मला हसू आलं नाही.

शिक्षक म्हणून एक दोष माझाही आहे. तिला या वाटेला मी लावलं. ‘जा, विद्यापीठं अशा मुलांची वाटच पाहत असतात,’ असं मी म्हणालो होतो. ते विधान सत्य होतं की असत्य, याचा निकाल आता आपल्या हाती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त तर्कशास्त्र शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता मुलीच्या वडिलांचा फोन आला. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा, अशी आमच्याकडची मोजणी आहे. मुकादमानं विचारलंय, यंदा एक कोयता धरू की दीड? त्याला दसऱ्यापर्यंत सांगायचं आहे.